क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा पारखावा: आधी डोक्यावर, मग कानांवर

मी हौसेने घेतलेला पहिला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचा, हेडफोन दहा मिनिटं ऐकून पसंत केला होता. आवाज झकास, गाद्या मऊ, हातात घेतल्यावर वजनही फारसं वाटलं नाही. घरी येऊन कामाला बसलो आणि पाऊण तासात टाळूच्या मधोमध कुणीतरी अंगठा रोवल्यासारखं दुखायला लागलं. पट्टा जरा मागे सरकवला की दुखणं थांबायचं, पण त्याच क्षणी गाण्यातला बेसही पळायचा. पट्टा मागे गेला की गादीची खालची कड जबड्यामागच्या खळग्यावरून किंचित उचलली जात होती. म्हणजे टाळू तरी सांभाळा, नाहीतर गाणं तरी.

क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये आवाज आणि आराम एकाच गादीवर बसलेले असतात. परीक्षणांत दोघांना वेगवेगळे गुण दिलेले दिसतात, आवाजाला नऊ, आरामाला सात, आणि ते मला दर वेळी खटकतं. ज्या डोक्यावर गादी नीट बसत नाही, त्याला तो नऊ गुणांचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून खाली दिलेल्या क्रमात गाणं बरंच उशिरा येतं. थोडा धीर धरा.

बंद कपात काय चालतं

ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो. ओपन-बॅक हेडफोनमध्ये मागचा आवाज जाळीतून बाहेर निघून जातो. १९६८ साली आलेल्या सेनहायझर एचडी ४१४ ने ही पद्धत रुळवली. क्लोज्ड-बॅकमध्ये कप मागून बंद असतो. बाहेरचा गोंगाट आत कमी येतो, आपलं गाणं शेजाऱ्याला कमी ऐकू जातं, आणि मागे फेकलेला आवाज कपातच अडकून भिंतींवर आपटत राहतो. कपात चांगलं अस्तर आणि फोम नसेल तर तोच आवाज थोडा उशिरा कानाकडे परततो आणि गायक डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एवढासा पडदा खोलीभर हवा हलवू शकत नाही. कान, गादी आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये जी वाटीभर हवा कोंडलेली असते, तिचा दाब तो कमीजास्त करतो. खालच्या सुरांत हा दाब सावकाश बदलतो. गादीला कुठे फट असेल तर दाब कानापर्यंत पोचण्याआधीच तिथून निसटतो. वरच्या सुरांत बदल इतका झटपट होतो की फटीला तेवढी सवडच मिळत नाही. गळक्या हेडफोनमध्ये म्हणूनच बेस जातो आणि ट्रेबल तसाच राहून जास्त टोचतो. ‘हा हेडफोन फार कर्कश आहे’ अशा अनेक तक्रारींचं मूळ ड्रायव्हरमध्ये नसून गादीखाली अडकलेल्या चष्म्याच्या काडीत असतं.

पहिला अर्धा तास: वायर न लावता

हेडफोन घाला, पण काही वाजवू नका. आवाज सुरू झाला की मन त्याच्या मागे जातं आणि टोचणं, दाब, ऊब यांकडे दुर्लक्ष होतं.

आधी कान. बोट कपात घालून बघा: कानाची पाळी सगळीकडून गादीच्या आत आहे का? वरचं टोक किंवा लोळी गादीखाली चेंगरली असेल, तर तासाभरात तिथे आग होणार हे नक्की. मग खोली बघा. कानाचा सर्वांत बाहेर आलेला भाग ड्रायव्हरवरच्या जाळीच्या कापडाला टेकतोय का? अगदी हलका स्पर्श सुरुवातीला कळतही नाही, पण तोच पुढे छळतो. शिवाय गादी नवी असताना फुगलेली असते. काही महिन्यांत ती दबते आणि कान जाळीच्या आणखी जवळ जातो. आज जेमतेम जागा असेल तर ती पुरेशी नाही असंच धरा. अनेक कपांत गादीखालचा ड्रायव्हर थोडा तिरका बसवलेला असतो, म्हणजे मागच्या बाजूला जास्त खोली मिळते. पुढे निघालेल्या कानांसाठी हे फार सोयीचं.

मग पट्टा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण ओढून जेमतेम पुरत असतील तर तो हेडफोन तुमच्या डोक्याचा नाही. दोन-तीन खाचा शिल्लक राहायला हव्यात. वजनाचा आकडा बघावा, पण त्यावर भुलू नये. सेनहायझर एचडी २५ जेमतेम १४० ग्रॅमचा आहे, मात्र त्याच्या गाद्या कानांवर टेकतात, कानांभोवती बसत नाहीत. त्यामुळे इतका हलका असूनही तो अनेकांना तासाभराच्या वर सोसत नाही. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स वायर सोडून २८५ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण त्याचं वजन कानांभोवतीच्या मोठ्या गोलावर वाटलं जातं. आकडा किती यापेक्षा तो कुठे टेकतो ते बघायचं. रुंद, मऊ पट्टा असेल तर ३०० ग्रॅमही चालून जातात. अरुंद पट्ट्याखाली त्याहून कमी वजनही टाळूवर एकाच ठिकाणी खिळा ठोकतं.

पकडीचं तसंच. सैल पकड सुरुवातीला सुखाची वाटते, पण मान खाली घातली की हेडफोन घसरतो. घट्ट पकड आवाजाला चांगली, पण कानशिलं दुखवते. हेडफोन घालून खाली वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा, मान झटकन दोन्हीकडे वळवा. मग जांभई द्या. हे हसण्यावारी नेऊ नका: जबडा हलला की कानाखालची त्वचा सरकते, आणि गादी कडक असेल तर तिथे फट पडते. एवढ्या हालचालींत बिजागऱ्या करकरत असतील तर ती करकर थेट कानात येते. शांत गाण्यात ती रोज ऐकायची तयारी आहे का, तेही याच वेळी ठरवा.

पकड जरा जास्त वाटली तर लगेच नाकारू नका. पट्ट्याच्या आत धातूची पट्टी असेल, तर डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवला की ताण बऱ्यापैकी उतरतो. पूर्ण प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर हा प्रयोग करू नका, तडा जाईल.

चष्मा असेल तर इथून पुढचं सगळं चष्मा घालूनच करा. जाड काड्यांचा आणि बारीक तारेच्या काड्यांचा, असे दोन चष्मे असतील तर दोन्ही घेऊन बसा.

गादी हवाबंद बसते का

आता वायर लावा आणि फोनवरच्या टोन जनरेटर ॲपवर ४० हर्ट्झचा सूर काढा. बेस गिटारची सर्वांत जाडी तार मोकळी छेडली की साधारण याच सुराला, ४१ हर्ट्झला, वाजते. आवाज अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवा. डोक्यात एक खोल, गोल घुमारा जाणवायला हवा.

मग दोन्ही तळवे कपांवर ठेवून अलगद आत दाबा. सूर तसाच राहिला तर गादी मुळातच नीट बसली आहे. दाबल्याबरोबर सूर एकदम भरून आला, तर आत्तापर्यंत बेस बाहेर गळत होता. आता एकेक जागा शोधा. कानाच्या वर, कानशिलाशी, जबड्यामागच्या खळग्यात गादीच्या कडेवर बोटाने दाब देत जा. जिथे दाबल्यावर सूर फुगतो, तिथे फट आहे.

चष्मेवाल्यांनी यापुढची पायरी अजिबात चुकवू नये. सूर चालू ठेवून काड्या कानांवरून एक-दोन सेंटिमीटर वर उचला, म्हणजे त्या गादीखालून निघून कानशिलावर येतील. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ४० हर्ट्झचा सूर असा वर आला की कुणीतरी बेसचं बटण फिरवलं असावं. काड्या खाली, सूर गायब; काड्या वर, सूर हजर. तोवर मी त्या हेडफोनला वर्षभर ‘पातळ आवाजाचा’ म्हणून नावं ठेवत होतो.

मऊ, सावकाश दबणाऱ्या फोमच्या गाद्या काडीभोवती जागा करून देतात. ताठ फोमच्या गाद्या काडीवर पूल बांधतात आणि दोन्ही बाजूंना फट सोडतात. दाट, लांब केस आणि मोठी कानातलीही हेच करतात. केस गादीखालून मागे सारून एकदा चाचणी करा आणि एकदा नेहमीसारखी, मग फरक कळेल.

याच वेळी सूर ३० हर्ट्झपर्यंत खाली आणि २०० पर्यंत वर हळूहळू न्या. कुठे भुरभुर, फरफर ऐकू आली तर बहुतेकदा जाळीतून आत गेलेला एखादा केस पडद्याला घासत असतो. गादी काढून फुंकर मारली की हे बऱ्याचदा मिटतं. नाही मिटलं तर तो नग परत करा.

गाद्यांचं कापड

प्रोटीन लेदर म्हणजे रेक्झिनसारखं गुळगुळीत आवरण. ते हवा अडवतं, म्हणून बेस भक्कम आणि बाहेरचा गोंगाट कमी. पण कान तापतात आणि एक ते तीन वर्षांत काळे पापुद्रे गळायला लागतात. व्हेलूर मखमली, त्वचेला सुखाचं आणि कमी घामट, पण त्यातून थोडी हवा आरपार जाते. ज्याचं ट्यूनिंगच व्हेलूर धरून केलंय अशा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो सारख्या हेडफोनला ती अडचण नाही. मात्र लेदर गाद्यांचा हेडफोन घेऊन त्यावर आपल्या सोयीने व्हेलूर चढवाल तर तुमच्या हातात निराळाच हेडफोन येईल. गादीची जाडी, तिचं भोक, आवरण यांपैकी काहीही बदललं की आवाज बदलतो. ‘आराम नाही, पण गाद्या बदलून घेऊ’ हा हिशेब म्हणूनच कच्चा.

आता गाणं

तीन-चार गाणी पुरतात, पण ती तुम्हाला पाठ असली पाहिजेत. नव्या हेडफोनवर नवं गाणं ऐकलं तर दोष कुणाचा हे कळत नाही. दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. किंचित मोठा वाजणारा हेडफोन मेंदूला नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानदार हे चांगलं जाणून असतात. मधोमध ऐकू येणारा गायकाचा आवाज दोन्हींवर एकाच अंतरावर वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. शिवाय कमी आवाजात कानाला बेस मुळातच कमी जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली ही गोष्ट. त्यामुळे रोज जितक्या आवाजात ऐकता तितक्यातच पारखा.

बेससाठी मी धडामधुडूम गाणी लावत नाही, त्यांत सगळंच भारी वाटतं. मी डग्गा ऐकतो. वादक मनगट दाबत सूर वर चढवतो ना, ती घसरती गुमक. चांगल्या हेडफोनमध्ये ती एकसंध चढते. खराब ट्यूनिंगमध्ये वाटेत एखाद्या जागी ती एकदम फुगते आणि पुढे बसते. डबल बेसवर पायऱ्या चढल्यासारखा फिरणारा एखादा तुकडाही हेच उघडं पाडतो: प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा वाटायला हवा. एखादाच सूर घुमत असेल तर बेस ‘जास्त’ नाही, वाकडा आहे.

मधल्या पट्टीसाठी माणसाचा आवाज, आणि तोही ओळखीचा. घरातल्या कुणाला तरी फोनसमोर दोन मिनिटं काहीही वाचायला लावा आणि ते रेकॉर्डिंग ऐका. तो गळा तुम्ही रोज ऐकता. छातीतून आल्यासारखा जाड वाटतोय? बेस वरपर्यंत चढून मधल्या पट्टीत घुसलाय. सर्दी झाल्यासारखा, नाकातला वाटतोय? मधली पट्टी दबली आहे किंवा कपातला आवाज परततोय. क्लोज्ड-बॅकचे बहुतेक गुन्हे इथेच सापडतात, म्हणून घाई करू नका.

ट्रेबलसाठी त्याच रेकॉर्डिंगमधले ‘स’, ‘श’, ‘च’ ऐका. ‘सकाळी सशाने सगळी साय संपवली’ असं काहीतरी वाचून घ्या. प्रत्येक ‘स’ला कानात सुई जात असेल तर साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या दरम्यान उंचवटा आहे. मग तानपुरा लावा. जवारीचा तो चमचमता पडदा मोकळा, लांबवर विरत जाणारा वाटायला हवा. वाळू चाळल्यासारखा वाटला तर ट्रेबल खरखरीत, आणि तारा नुसत्याच ठण्ण वाजल्या तर ट्रेबल कापलेला.

जागेचा आभास ओपन-बॅकइतका विस्तीर्ण मिळत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. पण मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारं, मात्र नाकासमोर, मधोमध ऐकू आलं पाहिजे. ते एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला. झुकाव बाजू बदलून दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा, तिथेच राहिला तर तुमच्या कानाचा किंवा त्या बाजूच्या गादीच्या बैठकीचा.

एका हेडफोनवरून दुसऱ्यावर उडी मारताना मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. मेंदू पहिल्याच्या रंगाला सरावलेला असतो. जास्त बेसच्या हेडफोनवरून आलात तर पुढचा कितीही चांगला असला तरी रोडका वाटेल. क्रम उलटा करून पुन्हा ऐका. ‘शंभर तास वाजवला की खुलतो’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. खुलतात त्या गाद्या, दबून. आणि सरावतात आपले कान.

आलेख आणि आकडे

फ्रिक्वेन्सीचा आलेख, म्हणजे कोणता सूर किती मोठा वाजतो याचं चित्र, वाचता येत असेल तर जरूर बघा. पण तो कृत्रिम कानावर, नीट बसवलेल्या गादीसह मोजलेला असतो. तुमचा चष्मा त्यात नसतो. वरच्या टोकाला, साधारण १० हजार हर्ट्झच्या पुढे, तर कानागणिक फरक पडतो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या संशोधनातून आलेला हार्मन टार्गेट, म्हणजे हेडफोनच्या आलेखाचा एक नमुना, तुलनेसाठी बरा संदर्भ आहे, कारण तो श्रोत्यांची पसंती विचारून बांधला आहे. पण त्यापासून थोडा ढळलेला हेडफोन तुम्हाला जास्त आवडला तर तुम्ही चुकला नाहीत. ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ असं खोक्यावर छापलेलं बघू सुद्धा नका. किती डेसिबलच्या फरकात, हे न सांगता त्या आकड्याला काही अर्थ नाही.

इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा ओहममध्ये मोजलेला विद्युत अडथळा, मात्र बघा. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो, आणि साध्या फोनला २५० ओहमचा हेडफोन जड जाऊ शकतो. सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो त्या आकड्यात, एक गोम असते. समजा दोन हेडफोनवर ‘१०० डेसिबल प्रति मिलिवॅट’ लिहिलंय, पण एक ३२ ओहमचा आणि दुसरा २५० ओहमचा आहे. फोनने दोघांना एकच व्होल्टेज दिलं तर दुसऱ्याला शक्ती कमी मिळते आणि तो सुमारे ९ डेसिबल हळू वाजतो. कागदावर बरोबरी, कानात नाही.

गोंगाट आत, गाणं बाहेर

हेडफोन घालून पंख्याखाली बसा, मग रहदारीकडच्या खिडकीशी उभे राहा. नुसत्या गाद्या बोलण्याचा, भांड्यांचा, कीबोर्डचा आवाज बराच अडवतात, पण इंजिनाची घरघर त्यांना फारशी जुमानत नाही. तिथे नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे उलटा आवाज सोडून गोंगाट पुसणारी सोय, कामाला येतं, कारण त्याचा जोर मुख्यतः खालच्या सुरांवर असतो. काहींना ते चालू केलं की कानांत दडा बसल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. हे फक्त स्वतः घालूनच कळतं.

उलटी चाचणी: नेहमीच्या आवाजात गाणं लावून हेडफोन घाला आणि कुणाला तरी हातभर अंतरावर बसवून किती ऐकू येतंय ते विचारा. माइकसमोर रेकॉर्डिंग करणार असाल तर हे आणखी कडकपणे तपासा, नाहीतर हेडफोनमध्ये ताल धरायला वाजणाऱ्या क्लिकचा टकटकाट गाण्यात छापला जातो.

वायरलेस हेडफोन घेत असाल तर तो चालू असताना, बंद करून वायरवर आणि नॉइज कॅन्सलिंगसह व त्याशिवाय, असा प्रत्येक प्रकारे ऐका. अनेकांत आवाजाचं ट्यूनिंग आतल्या चिपवर अवलंबून असतं. बॅटरी संपली की तोच हेडफोन ओळखू येत नाही.

मोठी बैठक

परत करण्याची मुदत हातात असताना एक पूर्ण दिवस त्याला द्या. सलग दोन तास, आणि मध्ये हेडफोन काढायचा नाही. दर अर्ध्या तासाने एक ओळ लिहा: टाळू, कानशिलं, कानांची पाळी, घाम. किती वेळा नकळत हात वर जाऊन पट्टा सरकवला, तेही मोजा. माझ्यासाठी सगळ्या आकड्यांत खरा आकडा हा. तासात एकदा चालेल. पाच-सहा वेळा जात असेल तर शरीराने निकाल दिलेला आहे, आवाज कितीही आवडो.

त्या दोन तासांत व्हॉल्यूम कुठवर चढला तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित, ९० डेसिबलला जेमतेम ४. ज्या हेडफोनवर बेस गळतो, त्यावर तो शोधायला आपण आवाज वाढवत जातो.

पसंत पडला, तर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी करून ठेवा. त्याच्या मूळ गाद्या सुट्या मिळतात का आणि वायर बदलता येते का, याची खात्री. आणि ४० हर्ट्झचा सूर व्हॉल्यूमच्या कितव्या घरात नीट ऐकू येतो, याची वहीत नोंद, चष्म्यासह. वर्ष-दीड वर्षाने आवाज पातळ वाटायला लागला की तोच सूर त्याच घरात लावून बघा. सूर मागे पडला असेल तर नवा हेडफोन शोधण्याआधी नव्या गाद्या मागवा.